तिखटपणा धान्याचा की अल्कोहोलचा? : बोर्बनचे स्वादपरीक्षण

बोर्बन ही अमेरिकेत धान्यापासून तयार होणारी व्हिस्की होय. तेथील कायद्यानुसार तिच्या धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ऊर्ध्वपातनानंतरचे मद्य ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपात साठवावे लागते. उरलेल्या हिश्शात बहुधा राय आणि माल्ट केलेले जव असतात. राय म्हणजे फोडणीची राई नव्हे. ते गव्हाशी नाते सांगणारे, कडाक्याच्या थंडीत तग धरणारे तृणधान्य आहे.

केंटकी राज्यातील न्यूपोर्ट येथील ‘न्यू रिफ’ या छोट्या मद्यनिर्मितीगृहाच्या बोर्बनमध्ये मका ६५, राय ३० आणि माल्ट ५ टक्के असते. रायमधील अरॅबिनोझायलनमुळे शिजवलेले मिश्रण चिकट होते व ते हाताळणे कठीण जाते. हे कष्ट घेतले जातात ते मसालेदार स्वादासाठी.

मात्र हा स्वाद ओळखणे वाटते तितके सोपे नाही. पिंपातून काढल्यावर पाणी न मिसळता बाटलीबंद केलेल्या बोर्बनमध्ये अल्कोहोलचे प्रमाण बरेचदा ५५ टक्क्यांहून अधिक असते. अशा वेळी जिभेला होणारा दाह हाच रायचा तिखटपणा समजला जातो. म्हणून परीक्षक प्रथम ओठ किंचित विलग ठेवून वास घेतात, अगदी लहान घोट तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. त्यानंतर पाणी मिसळले जाते. ५६ टक्क्यांच्या ३० मिलिलिटर मद्यात ७ मिलिलिटर पाणी घातल्यास तीव्रता सुमारे ४५ टक्क्यांवर येते. दाह ओसरल्यावरही मिरी वा लवंगेसारखी छटा टिकून राहिली, तर ती अल्कोहोलची नव्हे, हे स्पष्ट होते.

तरीही ती रायचीच असे लगेच म्हणता येत नाही. ओकच्या लाकडातील युजेनॉलही लवंगेचा गंध देते. व्हॅनिलाची छटा तर मुख्यतः लाकडातील लिग्निनपासून येते. त्यामुळे कमी राय असलेले, तितकेच वर्षे मुरलेले बोर्बन समान तीव्रतेवर आणून, पेल्यांवर नावांऐवजी केवळ संकेतांक टाकून तुलना करणे अधिक विश्वासार्ह ठरते. धान्य, लाकूड आणि अल्कोहोल यांचा वाटा असा वेगळा केला, तरच रायला दिलेले श्रेय सार्थ ठरते.