ॲम्प्लिफायरची ‘रिमोट’ तार जोडताना...

मोटारीत वेगळा ॲम्प्लिफायर बसवताना ग्राहकाचे लक्ष स्पीकर आणि वॉटच्या आकड्यांकडे असते. बॅटरी रातोरात उतरण्यास मात्र अनेकदा एक बारीक, दुर्लक्षित तार कारणीभूत ठरते. तिला ‘रिमोट’ तार म्हणतात.

ॲम्प्लिफायरला विजेच्या तीन जोडण्या लागतात. बॅटरीच्या धन टोकाकडून येणारी जाड तार, गाडीच्या पत्र्याला जोडलेली ‘अर्थ’ आणि तिसरी ही रिमोट. जाड तारेत वीज सदैव हजर असते. स्टिरिओ सुरू होताच त्याच्या मागील, बहुधा निळ्या-पांढऱ्या तारेतून १२ व्होल्टचा इशारा जातो आणि ॲम्प्लिफायर जागा होतो. स्टिरिओ बंद झाला की तोही बंद होतो. म्हणजेच ही तार वीजपुरवठ्याची नसून इशाऱ्याची आहे.

सोय म्हणून ती थेट बॅटरीला जोडल्यास ॲम्प्लिफायर कधीच बंद होत नाही. गाणे वाजत नसतानाही तो १ अँपिअर वीज घेतो असे धरले, तर लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासाची बॅटरी दीड दिवसात रिकामी होईल. कास पठारावर किंवा सज्जनगडाच्या पायथ्याशी मुक्कामाला गेलेल्यांना त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

काही गाड्यांतील मूळ स्टिरिओला रिमोट तार नसते. अशा वेळी किल्ली फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या ‘ॲक्सेसरी’च्या फ्यूजवरून, स्वतंत्र १ अँपिअरचा फ्यूज घालून जोडणी घ्यावी. एअरबॅगच्या पिवळ्या आवरणातील तारांना हात लावू नये. दोन-तीन ॲम्प्लिफायर किंवा पंखा एकाच रिमोट तारेवर चालवू नये. स्टिरिओचे हे टोक अत्यल्प प्रवाहासाठीच असते, ते जळू शकते. त्यासाठी रिले वापरावा.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. तार पत्र्याच्या छिद्रातून नेताना रबरी ग्रोमेट घालावे, अन्यथा आवरण घासून शॉर्टसर्किट होते. जाड तारेचा मुख्य फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत असावा. तो दूर असल्यास मधल्या तारेला कोणतेच संरक्षण उरत नाही आणि आगीचा धोका संभवतो.

सांगलीत २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेच्या पुरात बुडालेल्या गाड्यांबाबत अधिक सावधगिरी हवी. पाणी शिरलेल्या सांध्यांवर गंज चढतो. त्यामुळे जुने सांधे तपासूनच नवी जोडणी करावी. नुसती पिळून टेप गुंडाळलेली तार तर मुळीच स्वीकारू नये.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ॲम्प्लिफायरच्या रिमोट टोकावर मल्टिमीटर लावून पाहावे. स्टिरिओ सुरू असताना सुमारे १२ व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य दिसले पाहिजे. दोन मिनिटांची ही तपासणी मेकॅनिकसमोरच करून घ्यावी.