तिजोरीची किल्ली मिळवणारा प्राध्यापक

मार्क ड्रेकफर्ड मूळचे कार्डिफ विद्यापीठातले समाजधोरणाचे प्राध्यापक. २०११मध्ये ते वेल्सच्या कायदेमंडळात निवडून आले. पुढे आरोग्यमंत्री, अर्थमंत्री आणि डिसेंबर २०१८ ते मार्च २०२४ प्रथममंत्री.

त्यांचं सर्वांत मोलाचं काम मात्र अर्थमंत्री असतानाचं. वेल्सच्या निधीतली वाढ इंग्लंडमधल्या खर्चावरून, ‘बार्नेट सूत्रा’ने ठरते. वेल्समध्ये वृद्ध आणि आजारी लोकांचं प्रमाण जास्त, पण या सूत्रात गरजेला जागाच नव्हती. हा खरा अन्याय होता. डिसेंबर २०१६मध्ये त्यांनी लंडनमधल्या ब्रिटिश सरकारशी वित्तीय करार केला. त्यानुसार इंग्लंडमध्ये दरडोई १०० पौंड वाढले, की वेल्सला १०५ मिळू लागले. वरचे पाच पौंड दिसायला किरकोळ, पण शाळा-दवाखाने अशाच पैशावर चालतात.

ते अर्थमंत्री असतानाच, १ एप्रिल २०१८ला, जमीन-व्यवहार कर आणि कचरा-भराव कर लागू झाले. जवळपास ८०० वर्षांतले हे वेल्सचे पहिले स्वतःचे कर. एप्रिल २०१९पासून प्राप्तिकरातला, पौंडामागे १० पेन्सचा, वाटाही वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्येच ठरतो.