संकेतनियंत्रित चौक : वाहतूक प्रतिमानांचे अंशशोधन

लाल, पिवळ्या व हिरव्या दिव्यांनी नियंत्रित केलेल्या चौकातून किती वाहने जाऊ शकतील, रांगा किती लांबतील आणि वाहनांचा सरासरी किती खोळंबा होईल, यांचे भाकीत करणाऱ्या गणितीय किंवा संगणकीय रचनेस वाहतूक प्रतिमान म्हणतात. प्रतिमानातील ज्या राशींची मूल्ये केवळ तर्काने ठरविता येत नाहीत, ती प्रत्यक्ष चौकातील निरीक्षणांवरून निश्चित करण्याच्या क्रियेस अंशशोधन ही संज्ञा आहे. तापमापकाच्या नळीवर बर्फ व उकळते पाणी यांच्या साहाय्याने खुणा केल्या नाहीत, तर पाऱ्याची उंची दिसते, पण तापमान कळत नाही. अंशशोधन न केलेल्या प्रतिमानाचेही तसेच आहे. त्यातून आकडे निघतात. मात्र ते कोणत्या चौकाचे आहेत, हे सांगता येत नाही.

वाहतुकीचा पहिला दिवा १८६८ साली लंडनमध्ये पार्लमेंटजवळ बसविण्यात आला. तो वायूवर जळणारा असून थोड्याच आठवड्यांत स्फोट होऊन निकामी झाला. विजेच्या दिव्यांचा नियमित उपयोग १९१४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे सुरू झाला. पुढे बराच काळ दिव्यांच्या वेळा पोलिसांच्या अनुभवावरून ठरत. मोजमापावर आधारलेला विचार विसाव्या शतकाच्या मध्यास रुजला.

संपृक्त प्रवाह : दिवा हिरवा होताच रांगेतील वाहने एकदम निघत नाहीत. अमेरिकन अभियंते ब्रूस ग्रीनशील्ड्स व त्यांचे सहकारी यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार एका मार्गिकेतील पहिली मोटार ३·८ से., दुसरी त्यानंतर ३·१ से., तिसरी २·७ से., चौथी २·४ से. व पाचवी २·२ से. इतक्या अंतराने पुढे जाते. सहाव्या मोटारीपासून हे कालांतर सु. २·१ से. इतके स्थिरावते. याचा अर्थ दिवा तासभर हिरवाच राहिला व रांग संपलीच नाही, तर त्या मार्गिकेतून ताशी सु. १,७१४ मोटारी जातील. या कमाल दरास संपृक्त प्रवाह म्हणतात. पहिल्या पाच मोटारींनी स्थिर कालांतरापेक्षा घेतलेल्या जादा वेळेची बेरीज ३·७ से. होते, ही प्रारंभीची कालहानी होय. दिव्याच्या दर्शनी हिरव्या कालात अशा दुरुस्त्या केल्यावर जो काल उरतो, त्यास परिणामी हिरवा काल म्हणतात. त्याचे दिव्याच्या पूर्ण चक्रकालाशी असलेले गुणोत्तर संपृक्त प्रवाहाने गुणले की त्या रस्त्याची चौकातील क्षमता मिळते.

संपृक्त प्रवाह मोजण्याची एक सोपी रीत ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. तीत हिरव्या कालाचे सहा-सहा सेकंदांचे भाग पाडून प्रत्येक भागात थांबरेषा ओलांडणारी वाहने मोजतात. रांग खरोखर शिल्लक असलेलेच भाग हिशेबात धरावयाचे असतात. हा नियम पाळला नाही, तर चौकाची क्षमता मोजण्याऐवजी त्या दिवशीची मागणी मोजली जाते. ही चूक दिसते त्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळा घडते.

विलंबाचे सूत्र : ब्रिटिश संशोधक एफ्. व्ही. वेब्स्टर यांनी १९५८ मध्ये मांडलेले सरासरी विलंबाचे सूत्र आजही पायाभूत मानले जाते. त्यात तीन पदे आहेत. वाहने अगदी समान अंतराने आली असती, तरी लाल दिव्यामुळे जो विलंब झाला असता तो पहिल्या पदाने मिळतो. वाहने यदृच्छया, कधी एकत्र तर कधी तुरळक येतात, त्यामुळे वाढणारा विलंब दुसरे पद सांगते. तिसरे पद वजा करावयाचे असून ते कोणत्याही सिद्धांतातून निघालेले नाही. संगणकावर चौकाचे सदृशीकरण करून आलेल्या उत्तरांशी पहिल्या दोन पदांची बेरीज जुळावी, म्हणून ते बसविलेले आहे. ते एकूण विलंबाच्या सर्वसाधारणपणे ५ ते १५ टक्के असल्याने पुष्कळदा पहिल्या दोन पदांची बेरीज ०·९ ने गुणून काम भागवितात. म्हणजे पाठ्यपुस्तकांत सिद्ध नियमासारख्या दिसणाऱ्या या सूत्रातच अंशशोधनाचा एक भाग मुरलेला आहे.

संपृक्त प्रवाहातील चुकीचा परिणाम किती होतो, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. १२० से. चक्रकाल व ४८ से. परिणामी हिरवा काल असलेल्या एका रस्त्यावर ताशी ८०० मोटारी येत आहेत, असे मानू. संपृक्त प्रवाह ताशी ३,१५० धरला, तर वेब्स्टर यांच्या सूत्राने सरासरी विलंब सु. ३० से. येतो, तोच प्रवाह ३,७८० म्हणजे २० टक्के अधिक धरला, तर सु. २८ से. येतो. दोन सेकंदांचा हा फरक रस्त्यावर उभे राहून जाणवणारही नाही. आता त्याच रस्त्यावर ताशी १,२०० मोटारी येऊ लागल्या, तर पहिल्या मूल्याने विलंब सु. ५८ से. व दुसऱ्याने सु. ३४ से. मिळतो. चूक तेवढीच, परंतु तिचा परिणाम बारापट. पहिल्या गृहीतानुसार रस्ता क्षमतेच्या ९५ टक्के भरलेला असतो, दुसऱ्यानुसार ७९ टक्के; आणि क्षमतेच्या जवळ जाताना विलंबाचा आलेख जवळजवळ उभा चढतो. दुपारच्या विरळ वाहतुकीवरून जुळविलेले प्रतिमान संध्याकाळच्या गर्दीस लावणे धोक्याचे असते, ते यामुळेच.

चक्रकाल ठरवितानाही हीच अडचण येते. वेब्स्टर यांच्या मते सर्वांत कमी विलंब देणारा चक्रकाल काढण्यासाठी एका चक्रातील एकूण कालहानीची दीडपट करून तीत ५ मिळवावे आणि आलेल्या संख्येस एक वजा प्रवाह-गुणोत्तरांची बेरीज या राशीने भागावे. प्रत्येक टप्प्यातील निर्णायक रस्त्यावर येणाऱ्या वाहनांस त्याच्या संपृक्त प्रवाहाने भागले असता प्रवाह-गुणोत्तर मिळते. एकूण कालहानी १२ से. व ही बेरीज ०·७५ असल्यास चक्रकाल ९२ से. येतो. संपृक्त प्रवाह खऱ्यापेक्षा एक षष्ठांशाने कमी धरला, तर बेरीज ०·९० होते व चक्रकाल २३० से. निघतो. कोणताही जाणता अभियंता इतका लांब चक्रकाल ठेवणार नाही. पण सूत्र तो देते, आणि यंत्राने दिलेल्या उत्तरापुढे मान तुकविण्याची सवय जुनीच आहे. चक्रकाल लांबला की पादचाऱ्यास कडेला अधिक वेळ तिष्ठत राहावे लागते व तो लाल दिव्यातच रस्ता ओलांडू पाहतो.

भारतीय परिस्थिती : ब्रिटनमधील निरीक्षणांवरून सु. ५·५ मी.हून रुंद रस्त्यासाठी दर मीटर रुंदीस ताशी ५२५ मोटार एकके असा संपृक्त प्रवाह ठरविण्यात आला होता. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाहतूक दिव्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी ९३) हाच आकडा स्वीकारला आणि पुढे सु. तीन दशके देशातील असंख्य चौकांचे आराखडे त्यावर बेतले गेले. दिल्लीच्या केंद्रीय रस्ता संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये तयार झालेल्या भारतीय महामार्ग क्षमता पुस्तिकेत देशातील चौकांची मोजणी करून वेगळी मूल्ये दिली आहेत : ७ मी.हून अरुंद रस्त्यास दर मीटरला ६३०, १०·५ मी.हून रुंद रस्त्यास ५००, आणि मधल्या रुंदींसाठी रुंदीबरोबर घटत जाणारी मूल्ये. रुंदी दुप्पट केली की प्रवाहही दुप्पट होतो, हा जुना समज येथे मागे पडला.

या फरकाचे मूळ वाहनांच्या मिश्रणात आहे. पुण्यासारख्या दुचाकीबहुल शहरात दिवा लाल असताना दुचाक्या मोटारींच्या फटींतून वाट काढीत थांबरेषेपाशी, कधी तिच्याही पुढे, येऊन गोळा होतात. दिवा हिरवा होताच हा घोळका एकदम सुटतो. त्यामुळे पहिल्या काही सेकंदांतील प्रवाह नंतरच्यापेक्षा अधिक असतो; म्हणजे ग्रीनशील्ड्स यांना आढळलेला क्रम उलटा होतो. उरलेले सेकंद दाखविणारी घड्याळे जेथे आहेत, तेथे वाहने दिवा बदलण्यापूर्वीच हलू लागतात. मार्गिका रंगविलेल्या असल्या, तरी वाहने त्या पाळतातच असे नाही. म्हणून मार्गिकांची संख्या न धरता रस्त्याची उपयोगी रुंदी धरावी लागते, आणि थांबरेषेजवळच्या बसथांब्याने, उभ्या रिक्षांनी वा खोदकामाने त्यातील किती रुंदी व्यापली आहे, हे प्रत्यक्ष पाहूनच समजते.

निरनिराळी वाहने एकाच मापात आणण्यासाठी प्रत्येक प्रकारास मोटारीच्या तुलनेत एक गुणांक देतात. १९६६ च्या ब्रिटिश कोष्टकात बसला २·२५, मोटारसायकलला ०·३३ व सायकलला ०·२ हे गुणांक होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे : संपृक्त प्रवाहाचा आकडा व ज्या गुणांकांनी तो काढला ते गुणांक ही जोडी आहे. एका पुस्तिकेतील प्रवाह व दुसरीतील गुणांक एकत्र केल्यास येणारे उत्तर कोणत्याच रस्त्याचे नसते. वर उल्लेखिलेल्या ५२५ व ६३० या आकड्यांची सरळ तुलनाही याच कारणाने मर्यादित अर्थानेच करता येते.

सूक्ष्म प्रतिमाने : संगणकाची शक्ती वाढल्यावर प्रत्येक वाहनाची हालचाल क्षणोक्षणी सदृश करणारी प्रतिमाने प्रचारात आली. जर्मनीतील कार्ल्सरूए येथील राइनर वीडेमान यांनी १९७४ मध्ये पुढच्या वाहनामागून जाणाऱ्या चालकाचे वर्णन करणारे प्रतिमान मांडले. व्हिसिम या आज्ञावलीचा तो आधार आहे. त्यात थांबलेल्या वाहनांतील सरासरी अंतर व सुरक्षित अंतराचे दोन घटक बदलले की संपृक्त प्रवाह बदलतो. या प्राचलांची आज्ञावलीबरोबर येणारी मूल्ये मार्गिका पाळणाऱ्या मोटारींच्या वाहतुकीतली आहेत. ती तशीच ठेवून पडद्यावर धावणारी वाहने हुबेहूब दिसतात, आणि पाहणाऱ्याचा विश्वास बसतो. चित्र व प्रमाण यांतील भेद अशा वेळी विसरला जातो.

दुसरा धोका याच्या उलट आहे. प्राचले पुष्कळ असल्याने त्यांच्या अनेक जुळण्यांनी एकच विलंब मिळू शकतो. वाहनांचा वेग कमी व अंतर कमी, किंवा वेग जास्त व अंतर जास्त, अशा दोन्ही मांडण्या आजच्या निरीक्षणाशी जुळतील. परंतु दिव्याच्या वेळा बदलताच त्यांची भाकिते वेगळी होतील. म्हणून जे थेट मोजता येते (वाहनांचे प्रमाण, मुक्त वेग, संपृक्त प्रवाह) ते आधी मोजून पक्के करतात आणि विलंब व रांगा यांच्याशी जुळणी शेवटी करतात. विलंबाची व्याख्याही दोन्हीकडे एकच असावी लागते. वाहन पूर्ण थांबलेला वेळ आणि वेग कमी करण्यात व पुन्हा वाढविण्यात गेलेल्या वेळासह होणारा विलंब यांत बराच फरक असतो.

मोजलेली व प्रतिमानाने दिलेली वाहनसंख्या यांची तुलना करण्यासाठी लंडनमधील जेफ्री हॅव्हर्स यांनी १९७० च्या दशकात सुचविलेला जीईएच निर्देशांक वापरतात. दोन संख्यांतील फरकाच्या वर्गाची दुप्पट करून तिला त्या संख्यांच्या बेरजेने भागावे व वर्गमूळ काढावे. १,००० च्या जागी १,१०० आल्यास निर्देशांक सु. ३·१ आणि १०० च्या जागी २०० आल्यास सु. ८·२ येतो. ८५ टक्के ठिकाणी तो ५ पेक्षा कमी असावा, असा संकेत आहे. परंतु तुंबलेल्या चौकात या कसोटीस अर्थ उरत नाही. तेथे थांबरेषा ओलांडणारी वाहने ही क्षमतेइतकीच असतात. मागे रांग पन्नास मीटर असो की पाचशे, मोजणी तीच येते. अशा वेळी रांगेच्या शेपटाशी माणूस उभा करून येणारी वाहने मोजणे, हाच उपाय असतो.

अंशशोधनानंतर पडताळा घेतात. त्यासाठी वापरलेली निरीक्षणे जुळणीसाठी वापरलेल्यांहून भिन्न, शक्यतो दुसऱ्या दिवसाची व वेगळ्या वेळांची असावी लागतात. ज्या आकड्यांवर प्रतिमान बेतले त्याच आकड्यांशी ते जुळते, यात पडताळा काहीच नसतो.

या सर्व प्रक्रियेत मोजमापाचे एकक वाहन हे असते, माणूस नव्हे. पन्नास उतारू असलेली बस सव्वादोन मोटारींएवढी गणली, तर वाहनांचा सरासरी विलंब कमी करणारा आराखडा उतारूंचा एकूण विलंब वाढवू शकतो. पादचाऱ्याच्या बाबतीत सेकंदाला १·२ मी. हा चालण्याचा वेग सामान्यतः गृहीत धरतात, १५ मी. रस्ता ओलांडण्यास त्याने १२·५ से. लागतात. रुग्णालय, शाळा वा बाजार यांजवळील चौकात वृद्ध, मुले व ओझेवाले यांचा वेग प्रत्यक्ष मोजणे आवश्यक असते, कारण तो यापेक्षा कमी आढळतो व तेवढ्याने हिरव्या कालाची किमान मर्यादा बदलते.

अंशशोधन कायमचे नसते. बसथांबा हलविणे, उड्डाणपूल किंवा मेट्रोच्या खांबांमुळे रुंदी घटणे, दुचाकींचे प्रमाण बदलणे किंवा शेजारच्या चौकात दिवे बसणे यांपैकी काहीही झाल्यास जुनी मूल्ये गैरलागू होतात व मोजणी पुन्हा करावी लागते. आवक वाहनांनुसार वेळा आपोआप बदलणाऱ्या यंत्रणाही यास अपवाद नाहीत. त्यांतही प्रत्येक रस्त्याचा संपृक्त प्रवाह किंवा त्याच्याशी समतुल्य राशी बसवितेवेळी मोजूनच भरावी लागते.