जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ

आई-बाबा उन्हाळ्यात इकडे आले आणि नायगारा, डिस्ने झाले की पुढे काय, हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांना पडतो. गेल्या जुलैमध्ये आम्ही क्रूझ ठरवली. मायामीहून निघायचे आणि मेक्सिकोचे कोझुमेल बेट पाहून परत. आई-बाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा होता, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा लागला नाही. जहाजावरच्या बुफेबद्दल काही लिहीत नाही, ते सर्वांना माहीत आहे. लिहायचे आहे ते बंदरात उतरल्यानंतरचे.

जहाजाची सहल महाग वाटली, म्हणून आम्ही चौघे टॅक्सी करून सान हेर्वासिओला गेलो. बेटाच्या आतल्या बाजूला माया लोकांची ही जुनी वस्ती आहे. देवळे बुटकी, चुनखडीची, आणि दगडांवर ऊन खात बसलेले इग्वाना. पूर्वी मुख्य भूमीवरच्या बायका होडीतून समुद्र ओलांडून इथे इश्चेल देवीच्या दर्शनाला येत. बाळंतपणाची देवी म्हटल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आपली सटवाईच की!" एका घरात भिंतीवर लाल रंगाचे छोटे हात उमटले आहेत, तिथून ती हलेना.

बाबा मात्र सारखे मनगटाकडे बघत होते. "अरे, चार वाजत आले." मी फोन दाखवला, तीनही वाजले नव्हते. "बाबा, तुमचं एचएमटी पुढे गेलंय." टॅक्सीवाल्याचे घड्याळही माझ्याच बाजूने. मग काय, सौ.ला चांदीचे डूल घ्यायचे होते, म्हणून सान मिगेल गावात थांबलो.

दुकानात आईने पर्समधला जहाजाचा कागद काढला. त्यावर लिहिले होते, सर्वांनी साडेचारला जहाजावर, 'शिप टाइम'. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. कोझुमेल ज्या राज्यात आहे त्या किंताना रो राज्याने २०१५ साली आपली वेळ बदलली. हिवाळ्यात ती मायामीशी जुळते, पण उन्हाळ्यात मायामी एक तास पुढे जाते. आमच्या जहाजाने मायामीचीच वेळ ठेवली होती, फोनने आपणहून स्थानिक वेळ धरली, आणि बाबांनी घड्याळाला हातही लावला नव्हता. टाइम झोनचे बग सोडवण्याचा पगार घेणारा मी!

टॅक्सी मिळाली, पण धक्का लांबलचक. निम्म्यात बाबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. त्यांना डायबेटिस आहे. सकाळची गोळी घेतलेली, दुपारचे जेवण नाही, कारण "जहाजावर फुकट असताना बाहेर कशाला" हा माझाच सल्ला. औषधे केबिनमध्ये. आणि पासपोर्टही तिथल्याच तिजोरीत. जहाज सुटले असते तर परतीच्या विमानाला तेच लागले असते. आईच्या पर्समधल्या श्रीखंडाच्या गोळ्यांनी त्या वेळी निभावले. आम्ही चढलो ते चार पस्तीसला.

जहाजावरच्या डॉक्टरांनी साखर, ब्लडप्रेशर, ईसीजी सगळे नीट तपासले. बाबा तासाभरात हसू लागले. बिल मात्र खोलीच्या खात्यावर चढले, कारण जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो. आई-बाबांसाठी घेतलेल्या व्हिजिटर इन्शुरन्सने ते नाकारले. अमेरिकेबाहेरचा प्रवास त्यात वगळलेला होता, आणि ती ओळ मी वाचलीच नव्हती. सहलीत वाचवलेले पैसे त्यात गेले, वर आणखी पडले.

ज्यांच्या आई-वडिलांना मेडिकेअर आहे त्यांनीही पाहून घ्यावे. जहाज अमेरिकेच्या बंदरापासून सहा तासांपेक्षा दूर असताना झालेला खर्च मेडिकेअर सहसा देत नाही. बुकिंग करतानाच प्रवासाचा वेगळा विमा घ्या. आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, आणि आधीपासूनचे आजार धरले आहेत का, हे फोन करून विचारा. सोबत म्हातारी माणसे असतील तर जहाजाचीच सहल घ्यावी, असे माझे आता मत झाले आहे. ती उशिरा परतली तर जहाज सहसा थांबते, टॅक्सीवाल्यांसाठी थांबत नाही.

बाबा पुण्याला परतले आहेत. दर रविवारी फोनवर आधी विचारतात, "तुझ्याकडे किती वाजले?"