पेशीकेंद्रे आणि पाणलोट

पाण्याने भरलेल्या पेल्यावर कांदा टेकवून ठेवला की दोन-तीन दिवसांत त्याला पांढरी मुळे फुटतात. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णेचे पाणी कोठे दूषित झाले आहे, हे पाहण्यास ही मुळे उपयोगी पडू शकतात. स्वीडनचे आल्बर्ट लेवान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर रसायनांचा परिणाम पाहिला, आणि पुढे ही परीक्षा रूढ झाली. मुळाच्या टोकाशी पेशींचे विभाजन अखंड चालते. पाण्यात विष असेल तर ते मंदावते. शंभरांत किती पेशी विभागत आहेत, एवढेच मोजावयाचे.

परंतु हजारभर पेशीकेंद्रे मोजताना डोळा थकतो. म्हणून सूक्ष्मदर्शकातील छायाचित्र संगणकाकडे सोपवितात. त्याला पेशी दिसत नाही. दिसतात ते ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाचा आकडा. रंगविलेले केंद्र गडद, भोवताल फिका. मग सीमा कोणत्या आकड्यावर आखावी? जपानच्या नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ मध्ये सांगितले : ठिपक्यांचे असे दोन गट पाडा, की ते एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे ठरतील.

खरी अडचण चिकटलेल्या केंद्रांची. दोन केंद्रे एक धरली, की मोजणीच फसते. येथे आपला सह्याद्री मदतीला येतो. महाबळेश्वरच्या धारेवर पडलेला पाऊस पश्चिमेस वळला तर सावित्रीतून अरबी समुद्रास मिळतो, पूर्वेस वळला तर कृष्णेतून आपल्या गावांवरून बंगालच्या उपसागरास. जी धार पाणी वाटते, तीच सीमा. केंद्राचा प्रत्येक ठिपका काठापासून जितका दूर, तितका खोल मानावा. म्हणजे दोन केंद्रांचे दोन खळगे होतात. त्यांत पाणी भरत न्यावे आणि दोन्ही पाणी जेथे भेटू पाहील तेथे बांध घालावा. ही रीतही १९७९ मध्ये दोन फ्रेंच संशोधकांनी मांडली.

मात्र वेड्यावाकड्या आकाराच्या एकाच केंद्राचे ती तुकडेही करते. जर्मनीत फ्रायबुर्ग येथे २०१५ मध्ये निघालेली यू-नेट ही रचना उदाहरणांवरून शिकते. पण त्या उदाहरणांतील सीमा आधी माणसानेच रेखाटलेल्या असतात. तेव्हा यंत्राचा आकडा स्वीकारण्यापूर्वी शंभर केंद्रे स्वतः मोजून ताळा पाहावा. पाणी पिणार आहेत ती माणसे. निर्णयाची जबाबदारीही त्यांचीच.