जंगल तोडलं आणि डाव गेला

यंदाच्या दिवाळीत लष्करच्या घरी मी तेरा वर्षांच्या भाच्याकडून हरलो. तेही 'सिव्हिलायझेशन ६' मध्ये, ज्याचे आधीचे भाग इंजिनिअरिंगच्या होस्टेलात रात्र रात्र जागून खेळलेत! एक लॅपटॉप माझा, एक त्याच्या बाबांचा, मध्ये चिवड्याचा डबा, आणि दोघांचीही सुरुवात घनदाट जंगलात.

माझं गणित साधं होतं. या खेळात षटकोनी घरांचा नकाशा असतो. कांस्ययुगाचं तंत्र हाती आलं की जंगल तोडता येतं आणि त्या बदल्यात शहराला अन्न व उत्पादन एकरकमी मिळतं. मी तोडत सुटलो. भाच्याच्या आधी माझी दोन शहरं उभी राहिली, सैन्यही तयार झालं. तो मात्र एकही झाड तोडेना. मला वाटलं, पोराला कळत नाहीये.

कळत होतं. त्याने व्हिएतनाम घेतला होता. नेता बा त्रिऊ, म्हणजे तिसऱ्या शतकात चिनी राजवटीविरुद्ध उठलेली ती तरुणी. तिच्या सैन्याला जंगलात जास्तीची ताकद मिळते, स्वतःच्या हद्दीतल्या जंगलात त्याच्या दुप्पट.

हिशेब सांगतो, कारण मी तो हरल्यानंतर केला. सारख्या ताकदीच्या दोन तुकड्या मोकळ्या मैदानात भिडल्या तर दोघींचं सरासरी ३० गुणांचं नुकसान होतं. जंगलात थांबून लढणाऱ्याला ३ गुण जास्त मिळतात. मग त्याचं नुकसान २७ च्या आसपास, चढाई करणाऱ्याचं ३४. फार नाही. पण व्हिएतनामचे घरच्या जंगलातले १० गुण त्यात मिळवा. माझं नुकसान ५०, त्याचं १८! १०० गुणांची माझी तुकडी दोन हल्ल्यांत संपत होती.

पण मला मारलं ते या आकड्यांनी नव्हे, चालीने. जंगलाच्या घरात शिरायला दुप्पट चाल खर्च होते. मैदानात चार घरं दौडणारे माझे घोडेस्वार दोन घरांवर आले, पायदळ आणि दगडफेकी यंत्रं एकेका घरावर. एका घरात लढणारी एकच तुकडी मावते, त्यामुळे सैन्याची लांबलचक रांग झाली. पुढचा मरत होता आणि मागच्याला पुढे यायला जागा नव्हती. तिरंदाजांचा तर काही उपयोगच होईना, कारण मधल्या घरात जंगल असलं तर पलीकडचं दिसत नाही. भाच्याने आपलं पायदळ काठावर न ठेवता एक घर आत ठेवलं होतं. नवखे लोक काठावर उभे राहतात आणि बाण खातात. मी स्वतः कितीतरी वर्षं तेच करत आलोय.

ही रांगेची गोष्ट आपण शाळेत शिकलोच आहोत. २ फेब्रुवारी १६६१, उंबरखिंड. घाट उतरून कोकणात निघालेला कारतलबखान अरुंद वाटेत अडकला. पुढची वाट बंद, मागची बंद, दोन्ही बाजूंना झाडीत महाराजांचे मावळे. खानाचं सैन्य मोठं होतं, पण त्या वाटेत एका वेळी लढणार किती? सोबतच्या रायबाघनच्या सल्ल्याने त्याने शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन सुटका करून घेतली.

माझी फौज संपली तेव्हा भाचा चालून आला. वाटेत त्याला अडवायला एक झाड नव्हतं. मीच तोडली होती ना सगळी!

संध्याकाळी बाबांबरोबर आम्ही दोघं सराफा बाजारात गेलो. चांदीचं नाणं घ्यायचं होतं. गर्दीतून चालताना बाबांनी दरवर्षीप्रमाणे त्या नीमच्या झाडाची गोष्ट काढली. जून १८५८ मध्ये तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतलं, तेव्हा शिंद्यांचे खजिनदार अमरचंद बांठिया यांनी गंगाजळी त्यांच्या सैन्यासाठी खुली केली. इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर २२ जूनला त्यांना इथे, भर सराफ्यात, नीमच्या झाडाला फाशी दिलं. आम्ही लहानपणी हे ऐकलं की डोळे दुकानांतल्या दागिन्यांकडे असायचे. यावेळी भाचा मात्र थांबला.

"आजोबा, मग तात्या टोपे?"

"जंगलात गेले."

आणि तिथून बाबांची गाडी सुटली. येवल्याचे तात्या. जौरा-अलीपूरला हार झाल्यावर हाताशी ना किल्ला, ना खजिना. तरी नऊ महिने इंग्रजांच्या एकामागून एक पलटणी त्यांच्या मागे धावत राहिल्या. राजपुतान्यात शिरले, झालरापाटणला तोफा आणि पैसा मिळवला, ऑक्टोबरच्या अखेरीस नर्मदा ओलांडून बैतुल-मुलताईच्या रानात उतरले, पुन्हा वर बांसवाड्याकडे. जानेवारी १८५९ मध्ये सीकरला शेवटचा पराभव झाला आणि ते नरवरच्या मानसिंगाच्या आश्रयाला पाडौनच्या जंगलात आले.

"तिथे इंग्रज शिरले?"

"कुठले शिरतात! मानसिंग आधी स्वतः शरण गेला, मग त्याने जागा दाखवली. ७ एप्रिलच्या रात्री झोपेत धरलं. १८ तारखेला शिवपुरीत फाशी."

भाचा बराच वेळ गप्प होता. मीही. खेळात पैसा संपला तर जंगलात कितीही चांगली जागा पकडा, तुकड्या विरघळायला लागतात. बांठियांनी नेमकं काय दिलं होतं ते मला पस्तिशीला आल्यावर, एका खेळातल्या नियमामुळे कळावं, याची थोडी लाज वाटली. आणि मानसिंग? खेळात हेर शहरांत बसतात, रानात लपलेलं सैन्य ते दाखवत नाहीत. दाखवतो तो मित्र. कुणाशी युती केली की तुमच्या तुकड्यांना जे दिसतं ते सगळं त्यालाही दिसतं, तुम्ही झाडीत कुठे उभे आहात हेसुद्धा. हे मी भाच्याला सांगितलं.

नाणं घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्याने अगदी भोळा चेहरा केला आणि विचारलं, "मामा, उद्याच्या डावात आपण युती करूया?"