घरची डबी, घरचा कंदील

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या घरी जेवढे खोके येतात, तेवढे पाहुणेही येत नाहीत. सोनेरी कागदाचे, आत मखमली अस्तराचे, झाकणावर जरीची फीत बांधलेले हे खोके मोठे देखणे असतात. आत मात्र मूठभर काजू, मूठभर बेदाणे आणि बाकीची जागा पुठ्ठ्याने अडवलेली! शिवाय खोका जितका भारी, तितका तो उघडायला जीव होत नाही. ‘राहू दे, कुणाकडे तरी न्यायला होईल’ असे म्हणून तो कपाटावर चढतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी जातो. यात लबाडी कुणाचीच नसते. खोक्यावर ना देणाराचे नाव, ना घेणाराचे; मग तो कुठेही गेला तरी कुणाचे काय बिघडले?

घरी केलेली डबी अशी फिरत नाही. ती चारच लाडवांच्या मापाची असते, झाकणाच्या आत ‘सुमावन्संना’ असे लिहिलेले असते, आणि एका कोपऱ्यात धाकट्याच्या अंगठ्याचा खळीचा ठसाही असतो. अशी डबी पुढे कुणाला देणार? ती ज्याच्यासाठी केली, त्याच्याच घरी थांबते. आणखी एक गोष्ट आहे. बाजारचा खोका देणाराची ऐपत बोलून दाखवतो. घरच्या डबीची किंमत कुणालाच करता येत नाही. ज्या घरी यंदा ओढाताण आहे, त्या घरालाही मान वर करून काही देता यावे, ही सोय या चार आण्यांच्या कागदात आहे. म्हणून यंदा दोन डब्या आणि एक आकाशकंदील घरीच करावा, अशी आमची शिफारस आहे. तिन्ही वस्तू आम्ही मापांसकट देत आहोत. लागणारी हत्यारे म्हणजे फूटपट्टी, कात्री, पेन्सिल, विणायची एक सुई आणि तोंडाशी १० सेंटिमीटर व्यास असलेली एक वाटी.

आधी कागद ओळखावा

कागदकाम बिघडते ते बहुधा हात कच्चा म्हणून नव्हे, तर कागदाची कल न पाहिल्यामुळे. वर्तमानपत्र उभे फाडले तर सरळ फाटते, आडवे फाडले की वेडेवाकडे जाते, हे सर्वांनी पाहिलेले असते. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एका दिशेने निजतात. लाकडाला जशी शीर, तशी ही कागदाची शीर. शिरेच्या दिशेने घातलेली घडी सुबक बसते. शिरेला आडवी घातली की जाड कागद घडीवर फुटतो.

शीर ओळखायला सोपी युक्ती आहे. कागदाचा लहानसा चौरस कापून त्याची एक बाजू पाण्याच्या बोटाने ओली करावी. तो हळूहळू वळून नळी होऊ लागेल. नळी ज्या दिशेने लांब, ती कागदाची शीर. तंतू पाण्याने लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात, म्हणून असे होते. खळ लावल्यावर पुठ्ठा वाकडा का होतो, त्याचेही कारण हेच.

हातकागदाला अशी ठळक शीर नसते. लगदा हाताने साच्यात हलवून घेतात, त्यामुळे तंतू चहूकडे पसरतात. तो कोणत्याही बाजूने घडी घेतो आणि चिंध्यांपासून केलेला असेल तर चिवटही असतो. आपल्याकडे हा धंदा जुना आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गावच मुळी कागद करणाऱ्यांचे, आणि जुन्नरचा कागदही जुन्या दप्तरांतून प्रसिद्ध आहे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागदाची संस्था निघाली. असा कागद महाग वाटला तर तो फक्त झाकणापुरता वापरावा. शोभाही येते आणि खर्चही आटोक्यात राहतो.

घरची खळ

दोन चमचे मैदा थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा. त्यावर कपभर उकळते पाणी ओतीत सतत ढवळावे आणि मंद आचेवर मिश्रण काचेसारखे दिसू लागेपर्यंत शिजवावे. उतरवल्यावर चिमूटभर तुरटीची पूड घालावी म्हणजे खळ लवकर आंबत नाही. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात. कीड लागू नये म्हणून ते ठीक असले, तरी मोरचूद विषारी आहे. जिथे मुले काम करणार आणि डबीत खाण्याचा जिन्नस जाणार, तिथे ते मुळीच नको. खळ नेहमी पातळ थरात लावावी आणि चिकटवलेला भाग पाटाखाली दाबून वाळवावा.

चार लाडवांची डबी

या डबीला खळदेखील जेमतेम एक थेंब लागते. जपानात धान्य मापायचे लाकडी चौकोनी माप असे, त्याला ‘मासू’ म्हणत. आपले मापटे किंवा चिपटे म्हणा ना! त्या मापाच्या आकाराची ही घडीची डबी तिकडे पिढ्यान्‌पिढ्या करतात.

स्टेशनरीच्या दुकानात २२ इंच × २८ इंचांचा चार्टपेपर मिळतो. वजन विचारलेच तर १२० ते १५० जीएसएम सांगावे. एका तावातून २८ सेंटिमीटरचे दोन आणि २७ सेंटिमीटरचे दोन चौरस निघतात, म्हणजे दोन डब्या झाल्या. मोठा चौरस झाकणाचा, लहान तळाचा. सेंटिमीटरभराचा फरक ठेवला नाही, तर झाकण बसायचे नाही.

१. चौरसाच्या दोन्ही कर्णांवर घड्या घालून कागद उलगडावा. मधोमध फुली दिसेल.

२. चारही कोपरे फुलीवर आणून घडी दाबावी. आता लहान चौरस झाला.

३. या चौरसाच्या समोरासमोरच्या दोन बाजू मध्यरेषेवर आणून दाबाव्यात आणि उलगडाव्यात. उरलेल्या दोन बाजूंचेही तसेच करावे.

४. समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण उघडावेत, दोन मिटलेले ठेवावेत. मिटलेल्या बाजू उभ्या केल्या की दोन भिंती तयार.

५. उघडलेला एक कोपरा वर उचलावा. दोन्ही बाजूंच्या तिरप्या घड्या आपोआप आत वळतात. त्यांना बोटाने वाट द्यावी, कोपरा भिंतीवरून आत घ्यावा आणि टोक तळाच्या मध्यावर आणावे. दुसऱ्या बाजूसही असेच. तळाशी चार टोके भेटतील, तिथे खळीचा एक थेंब.

२८ सेंटिमीटरच्या चौरसाची डबी जवळजवळ १० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच होते. साडेचार सेंटिमीटरचे चार लाडू तीत नीट बसतात. मोठी डबी हवी असेल तर हिशेब सोपा आहे: हव्या त्या तळाच्या २.८ पट बाजूचा चौरस घ्यावा. उंची नेहमी तळाच्या निम्मी येईल.

शाळकरी मुलांकडून ही डबी करून घेताना फूटपट्टी काढून घ्यावी. पट्टीशिवाय, कंपासशिवाय नुसत्या घड्यांनी निम्मे, पाव आणि काटकोन कसे सापडतात ते त्यांना कळू द्यावे. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक १८९३ सालीच लिहिले होते. बालवाडीतल्या घडीकामावरून त्यांना ते सुचले, आणि जर्मनीतील नामांकित गणिती फेलिक्स क्लाइन यांनीही त्याची दखल घेतली. भूमितीला घाबरणारा मुलगा डबीला घाबरत नाही, हा अनुभव घेऊन पाहण्यासारखा आहे.

डबीत तळाला आणि कडेला बटर पेपर जरूर घालावा, नाहीतर बेसनाचे तूप संध्याकाळपर्यंत झाकणावर नकाशे काढील. वर्तमानपत्राचा कागद मात्र फराळाला लागू देऊ नये. छपाईची शाई पोटात जाणे चांगले नव्हे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली याबद्दल सावधही केले आहे.

ओवाळणीची करंजी

भाऊबीजेला ताटात पाकीट टाकले, की बोटांना त्याच्या जाडीवरून आत काय आहे ते समजते! त्याऐवजी ही करंजीच्या घाटाची डबी करावी. तीत एकशे एक आहेत की सोन्याची साखळी, हे उघडेपर्यंत बहिणीलाच काय, शेजारी बसलेल्या आत्याबाईंनाही कळायचे नाही.

२०० ते २५० जीएसएमचा जाड कागद १८ × १७ सेंटिमीटर घ्यावा. शीर १८ सेंटिमीटरच्या बाजूने जाईल असे पाहावे. १७ सेंटिमीटरच्या बाजूवर ८, ८ आणि १ अशा खुणा करून रेषा आखाव्यात. विणायच्या सुईने फूटपट्टीच्या कडेने त्या रेषा दाबून घ्याव्यात, म्हणजे घडी धारदार येते. आता वाटी उपडी घालून दोन्ही टोकांना, दोन्ही ८ सेंटिमीटरच्या पट्ट्यांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक कमान काढावी. कमानीचा फुगवटा कागदाच्या मध्याकडे हवा. अशा चार कमानी झाल्या. त्या सुईने दाबाव्यात, कापू नयेत. मग कागद दुमडून सेंटिमीटरची पट्टी आतून चिकटवावी आणि चपटी नळी करावी. वाळल्यावर एका टोकाची एक कमान आत दाबावी, तिच्यावर दुसरी दाबावी. डबी आपसूक फुगते आणि मिटते. दुसऱ्या टोकाचेही तसेच. वरून दोरा बांधून शेवंतीचे एक फूल अडकवले की झाले.

लग्नपत्रिकांचा आकाशकंदील

प्रत्येक घरी लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा असतो. टाकवत नाहीत आणि ठेवून उपयोग नाही. कागद मात्र उत्तम, जाड आणि रंगीत. पत्रिकेवरचा गणपती कातरायला मन धजत नाही. तो आधी चौकोनी कापून लाडवांच्या डबीच्या झाकणावर लावावा. उरलेल्या कागदाचा कंदील करावा. पूर्वी सजावटीसाठी थर्मोकोलची धाव असे. २०१८ साली राज्य सरकारने त्यावर बंदी आणली, तेव्हापासून कागद पुन्हा आपल्या हाती आला आहे.

तीच वाटी ठेवून २० वर्तुळे कापावीत. पुठ्ठ्यावर असेच एक वर्तुळ काढून कंपासमध्ये ५ सेंटिमीटर अंतर घ्यावे आणि वर्तुळावर सहा खुणा कराव्यात. एक सोडून एक खुणा जोडल्या की समभुज त्रिकोण होतो. तो पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून नमुना म्हणून प्रत्येक वर्तुळावर ठेवावा आणि त्याच्या कडेने तीन घड्या वर उचलाव्यात. त्रिकोणाच्या आत सेंटिमीटरभर कड सोडून खिडकी कापावी आणि मागून पतंगाचा कागद चिकटवावा.

जोडताना वर्तुळांच्या वळवलेल्या कडा बाहेर ठेवून एकमेकींना चिकटवायच्या. आधी दहा त्रिकोण एक सुलटा, एक उलटा असे पट्टीत जोडावेत आणि पट्टीची टोके जोडून कडे करावे. मग पाच त्रिकोणांची टोके एकत्र आणून टोपी करावी आणि ती कड्यावर बसवावी. उरलेल्या पाचांचा तळ. तळातल्या एका त्रिकोणाची एकच कड चिकटवून बाकीच्या दोन्ही कडांना कागदाच्या क्लिपा लावाव्यात. दिवा आत ठेवायचे ते दार. टोपीच्या टोकाशी कात्रीने थोडी वाट केली की वायर वर जाते. तळाशी हातभर लांब पतंगी कागदाच्या झिरमिळ्या सोडाव्यात.

दिवा लहान एलईडीचाच हवा, आणि तोही कागदाला टेकता कामा नये. जुना तारेचा बल्ब चांगलाच तापतो. तो आत नको. पणती तर मुळीच नको. कंदील वायरवर लटकवू नये. त्याचा भार वेगळ्या दोरीवर द्यावा. परतीचा पाऊस हल्ली दिवाळीतही गाठतो, तेव्हा तो छज्जाखाली असावा हे बरे.

कामाची वाटणी

कोजागरी झाली की कामाला लागावे. फराळाची गर्दी सुरू झाल्यावर गृहिणीला खळ शिजवायला सांगणे म्हणजे घरात फटाके आधीच लावणे होय! पहिल्या रविवारी मापे आणि कापणे व्हावे. हे काम वडील मंडळींनी चष्मा लावून करावे. घड्या घालायला मुले, खळ लावायला धाकटी पोरे, आणि झाकणाच्या आत नावे घालायला आजी-आजोबा. आजोबांचे अक्षर कापरे असेल, तर तेच हवे. परगावच्या मुलीच्या डबीत ते अक्षर लाडवांच्याही आधी वाचले जाईल. कुरिअरने पाठवताना डबीभोवती चुरगळलेला कागद भरून ती जाड खोक्यात ठेवावी, म्हणजे पोचेपर्यंत आकार शाबूत राहतो.

पहिली डबी वाकडी झाली तर ती फेकू नये. तीत वाती, रांगोळीची पूड किंवा उटण्याच्या पुड्या ठेवाव्यात. भाऊबीज उलटल्यावर ज्या डब्या स्वच्छ राहिल्या असतील, त्या घड्या उलगडून गादीखाली सपाट ठेवाव्यात. तुळशीच्या लग्नाला चुरमुरे आणि बत्तासे वाटायला त्या पुन्हा उभ्या राहतील.